वाचणारी आणि बघणारी

पार्टिशनच्या पलीकडून टकटक ऐकू आली आणि मी पर्स खांद्यावरून काढायची विसरले.

टक. "सिलेक्ट." मग टक नाही, नुसता आवाज, "पेशंट नेम, स्वल्पविराम, राउंड, कंस, वेट, कंस पुरा." पुन्हा टक. "फ्रॉम."

सात महिन्यांची बाळंतपणाची रजा संपवून मी त्या सोमवारी ऑफिसला आले होते. नागपूरचा मे महिना, सकाळचे साडेनऊच झालेले, तरी स्कूटीचं हँडल हाताला पोळत होतं. रस्ताभर स्वतःला समजावत आले होते, की जुई झोपली आहे, सासूबाई आहेत, दूध काढून ठेवलंय, सगळं नीट होईल. दारातून आत आले आणि ही टकटक.

ती माझी होती. माझी आणि नलूताईंची.

आमची कंपनी लहान. दवाखान्यांच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस आम्ही बनवायचो, आणि त्याला प्रश्न कसा विचारायचा हे शिकवणारं एक जाडजूड पुस्तक दर दोन वर्षांनी काढायचो. पुस्तकाची टीम म्हणजे नलिनी खोब्रागडे आणि मी. नलूताईंची उमेदीची वर्षं सीताबर्डीवरच्या एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली. तिथे एकीनं मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं प्रुफावर बोट ठेवून बघायचं, अशी पद्धत. तीच त्यांनी आमच्या एसी ऑफिसात आणली. सुरुवातीला लोक हसले. आमच्या पुस्तकात चुका सापडेनात, तेव्हा गप्प झाले.

नलूताई वाचायच्या, मी बघायची. मोठं अक्षर आवाजातून कळत नाही, म्हणून कॅपिटल शब्द आला की त्या आधी टेबलावर बोटाचं पेर आपटायच्या. नियम असा, की हुकुमाचे शब्द, म्हणजे सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर वगैरे, सगळे कॅपिटल अक्षरांत. राउंड, काउंट, अपर ही फंक्शनं, म्हणजे सांगितलेलं काम करून देणारी मंडळी. ती लहान अक्षरांत, आणि मागे कंस. यंत्राला याचं काही सोयरसुतक नसतं, कसंही लिहा, ते उत्तर देतं. पण दवाखान्यातला एखादा कारकून पहिल्यांदाच पान उघडतो, त्याला हुकूम कोणता आणि काम कोणतं हे नजरेनंच कळायला हवं. आधीच्या आवृत्तीत फंक्शनंही कॅपिटलमध्ये होती, अख्खं पान अंगावर ओरडल्यासारखं दिसायचं. ती लहान करायचा नियम माझा. रजेवर जाण्याआधी मी तो कागदावर लिहून पार्टिशनला टाचून गेले होते. असले बदल संगणकाकडून एका झटक्यात करून घेता येतील असं सगळ्यांना वाटतं. पण 'लेफ्ट' एका ओळीत हुकूम असतो, दुसऱ्या ओळीत फंक्शन, आणि तिसऱ्या ओळीत नुसता डावा हात. ते माणसालाच बघावं लागतं.

"आपल्या लिपीचं बरं आहे," नलूताई म्हणायच्या. "कोणी मोठं नाही, कोणी लहान नाही. सगळे एकाच रेघेला लटकलेले."

मी पार्टिशनवरून डोकावले. टकटक नलूताई करत नव्हत्या. तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी कागदावर वाकून वाचत होती, पेर तीच आपटत होती आणि ओळीवर बोटही तिचंच होतं. नलूताई खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून ऐकत होत्या.

सहा वर्षांत माझ्यासमोर त्यांनी एकदाही डोळे मिटले नव्हते.

"नलूताई," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. "वृषाली? आली का गं? ये, अशी जवळ ये, बघू दे." हनुवटी धरून त्यांनी माझा चेहरा अगदी स्वतःच्या तोंडाजवळ नेला. "काऊन गं, एवढी वाळली? सासू जेवू घालून नाही राहिली का?"

"घालतात हो. जुई सगळं ओढून घेते."

"ही हेमांगी काळमेघ. वरूडची आहे. तू गेली नं, मग हिनंच तारलं मला."

मुलगी उठून उभी राहिली. "नमस्कार, वृषालीताई. तुमचा नियमांचा कागद मला तोंडपाठ झालाय. नलूमावशी रोज तुमचं नाव काढतात."

मावशी. सात महिन्यांत मावशी. मी सहा वर्षं ताईवरच होते.

माझा कागद होता तिथेच होता. त्याच्या खाली गोल, ठसठशीत अक्षरात चार नियम वाढवलेले. मी ते उभ्याउभ्याच वाचले. चारही बरोबर होते. एखादा जरी चुकला असता तरी मला फार बरं वाटलं असतं.

दुपारी देशकर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आधी बाळाची चौकशी, मग पेढे कुठे आहेत म्हणून थट्टा, आणि मग टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडचा तिकडे.

"अठ्ठावीसला आवृत्ती जाते. त्यानंतर पुस्तकाच्या टीममध्ये दोघीच राहतील. वरून आलंय. तिसरीला सपोर्टला जावं लागेल. दुपारी दोन ते रात्री दहा."

"सर, जुई सहा महिन्यांची आहे."

"मला माहीत आहे. म्हणून मी नाही ठरवत. नलिनीबाईंना विचारीन. जोडी त्यांची आहे, कोणाबरोबर वाचायचं ते त्याच सांगतील." त्यांनी पेपरवेट जागेवर ठेवला. "पण वृषाली, त्या पोरीचं काम बघ एकदा. चांगली आहे."

चांगली आहे हे मला कळत होतं, तीच तर पंचाईत होती. जुई संध्याकाळी सहाला किरकिर सुरू करायची आणि फक्त माझ्या खांद्यावर शांत व्हायची. दोन ते दहा म्हणजे ती किरकिर दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर संपणार. मी घरी पोचेन तेव्हा ती झोपलेली असणार. आणि इकडे माझ्या खुर्चीत बसून ही वरूडची पोरगी नलूताईंसमोर पेर आपटणार. खरं सांगायचं तर मला त्या वेळी या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नव्हत्या.

पुढचे आठ-नऊ दिवस मी त्या दोघींवर पहारा केला. दुसरा शब्द नाही. जिना उतरताना हेमांगी नलूताईंचं कोपर धरायची. त्यांच्या फोनवरचे मेसेज ती वाचून दाखवायची आणि उत्तरंही तीच टाइप करायची. मनात म्हणायचे, लाडीगोडी कशी लावावी ते हिच्याकडून शिकावं. दुपारी मी जुईला पाजायला घरी त्रिमूर्तीनगरला पळायचे, परत येईपर्यंत या दोघींचे डबे पुसून ठेवलेले असायचे. एक दिवस सासूबाईंचा फोन आला, आत्ताच झोपली आहे, येऊ नको. मग मीही डबा घेऊन त्यांच्यात बसले.

"लोणचं उजवीकडे आहे, मावशी," हेमांगी म्हणाली. "मिरच्या मी काढून ठेवल्यात."

"हिनं मला पार आळशी करून टाकलं," नलूताई मला म्हणाल्या.

"दिसतंय ते. आमच्या वेळी तर तुम्ही माझ्या डब्यातल्या मिरच्यासुद्धा वेचून खायच्या."

हेमांगी हसली. नलूताई हसल्या नाहीत. हातातला पोळीचा तुकडा त्यांनी परत डब्यात ठेवला. मला वाटलं, लागलं असावं. लागू दे, असंही वाटलं.

"तुझी पोरगी कोणासारखी दिसते गं?" त्यांनी मध्येच विचारलं.

मी फोन पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला, आणि "गोड आहे" म्हणून परत दिला. एवढंच. ज्या बाईनं माझे डोहाळे पुरवायला तीन वेळा घरून पातोडीची भाजी करून आणली होती, तिनं माझ्या लेकीचा फोटो पाच सेकंद पाहिला. त्या संध्याकाळी जुईला खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या घालताना मी तिच्या कानात म्हटलं, "आपल्याला विसरले बरं का सगळे." तिनं माझं कानातलं ओढलं.

गुरुवारी देशकर सरांनी नववं प्रकरण माझ्याकडे पाठवलं. "दोघींचं वाचून झालंय. तू ताज्या नजरेनं एकदा फिरव."

नववं प्रकरण फंक्शनांचं. मजकूर जुन्याच आवृत्तीतला, फक्त नावं लहान करायची होती. तिसऱ्याच पानावर 'अपर' कॅपिटलमध्ये दिसलं. मी चुकचुकले. पुढच्या पानावर 'ट्रिम'. मग 'राउंड' दोनदा. पाचवी चूक सापडली तेव्हा मला बरं वाटायला लागलं. दहावीनंतर मी लाल पेन काढलं. दुपारी घरीसुद्धा गेले नाही. अंगावरचं दूध दाटून आलं होतं, कुडता ओला झाला, मी ओढणी पुढे घेतली आणि पानं उलटत राहिले. एकतीस. एका प्रकरणात एकतीस.

प्रत्येक प्रकरणामागे वाचनाचा एक कागद लावलेला असायचा, त्यावर दोघींच्या सह्या. हेमांगीची ठसठशीत, गोल सही. तिच्या वर नलूताईंची, ओळ सोडून जरा तिरकी गेलेली. मी ती खालचीच बघत बसले.

छापखान्यातली एक रीत नलूताईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवली होती. दुसऱ्याच्या प्रुफात चूक सापडली की आधी त्याला जाऊन सांगायचं. वर नंतर. आधी वर गेलं की ती दुरुस्ती राहत नाही, चहाडी होते, असं त्या म्हणायच्या. सहा वर्षं मी ती पाळली. पार्टिशनच्या पलीकडे चार पावलांवर दोघी बसल्या होत्या, दहाव्या प्रकरणाची टकटक चालू होती.

मी पानं गोळा केली आणि सरांच्या केबिनमध्ये गेले.

सरांनी पानं चाळली. कपाळावर आठ्या. "हे तर गंभीर आहे." इंटरकॉमवर दोघींना बोलावलं. मी उठायला लागले तर म्हणाले, "बस. तूच काढल्यात, तूच दाखव."

हेमांगी पुढे, नलूताई तिच्या मागे दाराची चौकट धरून आल्या. हेमांगीनं टेबलावरची लाल खुणांची पानं पाहिली, वर्तुळातल्या एका शब्दावर नजर थांबली आणि ती लगेच म्हणाली, "माझी चूक आहे, सर."

"एवढ्या?"

"हो. माझं लक्ष नव्हतं. आजच दुरुस्त करते सगळं."

आतून मला काय वाटलं ते लिहायला आजही जड जातं. मला गार वाटलं. उन्हातून येऊन माठाचं पाणी प्यावं तसं.

"काय झालंय?" नलूताईंनी विचारलं. "कोणतं प्रकरण?"

मीच म्हणाले, "नववं."

"किती निघाल्या?"

"एकतीस."

"सगळी फंक्शनंच?"

"हो."

"मग माझ्या आहेत," नलूताई म्हणाल्या. "ती उगाच अंगावर घेऊन राहिली, देशकर. त्या दिवशी ही भावाच्या लग्नाला वरूडला होती. नववं मी एकटीनं केलं."

"मावशी, राहू द्या नं," हेमांगी म्हणाली.

"गप बस." नलूताईंनी हातानं चाचपून खुर्ची शोधली आणि बसल्या. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की त्या खुर्ची शोधत होत्या. "शब्द ओळखू येतो मला. अर्धं आयुष्य त्यातच गेलं, अंधुक दिसला तरी कळतो. पण त्याची उंची दिसत नाही आता. लहान का मोठा, ते नाही समजत. नजर टाकली की मधोमध धुकं असतं. कडेकडेचं दिसते."

"कधीपासून?" सरांनी विचारलं.

"दिवाळीपासून."

दिवाळीनंतर चार दिवसांनी मी रजेवर गेले होते.

"डॉक्टर?"

"दाखवलं. इंजेक्शनं झाली. आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ, म्हणतात. म्हणून मग ही वाचते, हीच बघते, आणि मी ऐकते. ऐकून वाक्य कुठे अडखळतं ते समजतं मला अजून. लहानमोठं ती सांभाळते."

सर हेमांगीकडे वळले. "मग नवव्याखाली तुझी सही कशी?"

"परत आल्यावर केली. वाचलं नव्हतं मी."

"का?"

ती खाली बघत राहिली. "मावशी म्हणाल्या, माझं झालंय. मी पुन्हा वाचते म्हटलं असतं तर..."

नलूताई उठल्या. "बघता येत नसताना बघितलं म्हणून सही केली मी. चूक ती आहे. बाकीच्या एकतीस तर पेनानं निघतात. उद्यापासून मी येत नाही. या दोघींची जोडी लावा."

"अहो नलिनीबाई, अठ्ठावीसपर्यंत तरी थांबा. आठ दिवसांचा प्रश्न आहे."

"नाही."

हेमांगी त्यांचं कोपर धरायला पुढे झाली. दाराशी नलूताई थांबल्या. तोंड माझ्याकडे होतं, नजर माझ्या कानाच्या जरा बाजूला.

"आधी माझ्याकडे यायचं होतं, वृषाली," त्या म्हणाल्या. रागानं नाही. एखादा स्वल्पविराम राहिला असावा, तशा आवाजात.

त्यांना रिक्षात बसवून हेमांगी वर आली, तेव्हा मी जिन्यातच बसले होते. ती माझ्यापेक्षा दोन पायऱ्या खाली उभी राहिली.

"त्यांचं राजीनाम्याचं पत्र माझ्या कॉम्प्युटरवर आहे, ताई. मीच टाइप केलंय. अठ्ठावीसला संध्याकाळी द्यायचं होतं."

"कधी टाइप केलं?"

"तुम्ही यायच्या आधीच्या शुक्रवारी. दोघीच राहणार हे सरांनी त्यांना आधीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, वृषालीचं लेकरू लहान आहे, तिला दोन ते दहा जमणार नाही. तुला इथून हलवलं तर तू काम विसरशील. मीच जाते, एवढी आवृत्ती हातावेगळी झाली की." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "तुम्हाला सांगू का म्हणून विचारलं होतं मी. म्हणाल्या, नको, ती रडत बसेल, दूध आटेल तिचं."

मला हवी होती ती खुर्ची कोणी घेतलेलीच नव्हती. ती माझ्यासाठी राखून ठेवली होती, आणि राखणाऱ्या बाईला मी आठ दिवस आधी उठवलं होतं.

उरलेली प्रकरणं हेमांगीनं आणि मी वाचली. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "ताई, तुम्ही वाचता की बघता?" मी म्हटलं, "तू वाच." पुस्तक अठ्ठावीसला गेलं. सपोर्टला कोणालाच जावं लागलं नाही. रोज संध्याकाळी सहाला मी घरी असायचे, जुई माझ्याच खांद्यावर शांत व्हायची.

नलूताईंकडे जायचं मी दर आठवड्याला ठरवत होते. एकदा त्यांच्या घराजवळच्या इंदोरा चौकापर्यंत जाऊन परतले. दीड वर्ष असं गेलं. मग एका शनिवारी ऑफिसातल्या सगळ्यांचं रामटेकला जायचं ठरत होतं, तर हेमांगी म्हणाली, "मला रविवारी नाही जमत. मावशींना पेपर वाचून दाखवायचा असतो."

"दर रविवारी?"

"हो. पहिल्यापासून. पुरवणीसकट."

दीड वर्ष रोज माझ्यासमोर बसून वाचणाऱ्या त्या मुलीनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. पुन्हा ते जुनंच काहीतरी छातीत सरकलं. लाज वाटत होती आणि तरी ते सरकलंच.

"मी आले तर चालेल त्यांना?"

"विचारून सांगते."

सोमवारी तिनं सांगितलं, "या म्हणाल्या. पोरीला घेऊन या म्हणाल्या."

"मग या खेपेला पेपर मी वाचू का?"

हेमांगीनं पेनाचं टोपण काढलं, लावलं. "ते मी विचारलं, ताई. मला वाटलंच होतं तुम्ही म्हणाल." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या म्हणाल्या, तिला येऊ दे. वाचायला तूच ये."

मी गेले. दोन खोल्यांचं स्वच्छ घर, खिडकीत तुळशीशेजारी गवती चहा. नलूताई दिवाणावर बसल्या होत्या, जरा जाड झालेल्या, केस पूर्ण पांढरे. जुईला त्यांनी मांडीवर ओढून घेतलं, तोंड अगदी जवळ नेलं, बोटांनी तिचं नाक तपासलं. "हे नाक सासूचं आहे," त्या म्हणाल्या, आणि आम्ही तिघी हसलो. जुई त्यांच्या बांगड्यांशी खेळत राहिली. मी माफीची चार वाक्यं रस्ताभर घोकून आणली होती. पहिलं तोंडातून निघालं तशी त्यांनी हवेतच हात हलवला, नंतर, अशा अर्थाचा. ते नंतर आजपर्यंत आलेलं नाही.

हेमांगी त्यांच्या पायांशी मोढ्यावर बसली, पेपर उघडला आणि पहिल्या पानाच्या डाव्या कोपऱ्यापासून वाचायला लागली. तिला कुठून सुरू करायचं हे माहीत होतं. कोणत्या बातम्या सोडायच्या हेही.

"वृषाली, चहा ठेवतेस का?" नलूताई म्हणाल्या.

मी स्वयंपाकघरात गेले. पातेलं ओट्यावरच होतं, चहापत्ती सापडली, आलंही सापडलं. साखर काही दिसेना. वरची फळी पाहिली, जाळीच्या कपाटात पाहिलं, दोन डबे उघडून बंद केले. पाणी उकळायला लागलं होतं. बाहेर वाचन एका दमात चाललं होतं, मध्येच नलूताईंचं "हं" आणि जुईचं काहीतरी बोबडं. विचारावं की न विचारावं, मी डबे हाताळत उभी राहिले.

"खालच्या फळीवर, ताई," हेमांगीनं वाचता वाचताच सांगितलं, "पिवळ्या झाकणाचा डबा," आणि ती पुढच्या बातमीकडे वळली.